आंघोळीच्या पाण्याची चूल

दम लागतो, खोकला जात नाही, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात आली की गेली पंचवीस वर्षे मी एक ठरलेला प्रश्न विचारत आलो आहे. ‘घरी गॅस आहे का?’ पूर्वी उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे यायचे. मग चूल, धूर, खिडकी हे माझे नेहमीचे भाषण व्हायचे. अलीकडे उत्तर ‘आहे’ असे येते. तसे केसपेपरवर लिहायचे आणि धुराचा मुद्दा बाजूला ठेवून पुढच्या तपासणीकडे वळायचे, अशी सवय लागली होती. हा प्रश्न अपुरा आहे हे मला कळले ते पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका काकींमुळे.

वय साठीच्या आसपास. विडीला कधी हात लावलेला नाही. तरी छातीत शिट्टी वाजायची, जिना चढताना मध्ये दोनदा बसावे लागायचे, आणि ओळीने तीन पावसाळे त्या आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. फुंकून करायच्या तपासणीत फुप्फुसाच्या नळ्या अरुंद झाल्याचे स्पष्ट दिसत होते. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेले: गॅस आहे. चौथ्या खेपेला त्या समोर बसल्या तेव्हा लुगड्याला धुराचा वास येत होता. मी जरा चिडूनच विचारले, “काकी, गॅस आहे म्हणता ना?” त्या म्हणाल्या, “जेवण गॅसवरच होतं, डॉक्टर. ह्यो वास आंघोळीच्या पाण्याचा. पाण्याला गॅस जाळला तर सिलिंडर पुरंल का?”

घरी जाऊन मी कागदावर हिशेब मांडला, आणि काकींचे बरोबर निघाले. एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी २५ अंशांवरून आंघोळीजोग्या ४२ अंशांवर न्यायला सुमारे १,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ०.४ युनिट. किलोभर गॅसमध्ये ४६ हजार किलोज्यूल उष्णता असते, पण शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या आसपासच पातेल्यात पोचते. म्हणजे बादलीला ५० ग्रॅम गॅस. पाच माणसांचे घर, माणशी एक बादली, दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात किलो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातला अर्ध्याहून जास्त नुसता आंघोळीला. आमच्या भागात पाच माणसांच्या घरात स्वयंपाकाला सिलिंडर दीड-दोन महिने पुरतो. थोडक्यात, आंघोळीचे पाणी स्वयंपाकाइतकेच इंधन खाते. सिलिंडर वाचवायचा तर कोणीही काकींसारखेच करील: भात गॅसवर, पाणी लाकडावर.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर त्यानंतर मी मुद्दाम विचारत गेलो. उत्तर घरोघर तेच. स्वयंपाकघर पांढरे झाले आहे, टाइल्स लागल्या आहेत, ओट्यावर शेगडी चकचकीत आहे. आणि मागच्या पडवीत, न्हाणीला लागून, पहाटे पाचला चूल पेटते ती सगळ्यांच्या आंघोळी आटपेपर्यंत धुमसत राहते. पावसाळ्यात झोत येऊ नये म्हणून त्या पडवीला प्लास्टिकचा कागद किंवा झावळ्या बांधतात. जिथून धूर बाहेर जायचा ती वाटच बंद होते. फाटी ओलसर असतात. ओल्या लाकडात किलोमागे लाकूड कमी आणि पाणी जास्त. त्या पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते, ज्वाळ थंड पडते, लाकूड अर्धवट जळते. अर्धवट जळणे म्हणजेच धूर. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात असे चार महिने चालते. जुलै-ऑगस्टमध्ये वॉर्डात ऑक्सिजनच्या नळ्या लावून बसलेल्या बायकांची रांग का वाढते, त्याचे एक कारण त्या पडवीत आहे असे माझे मत झाले आहे. पावसाळी विषाणू आणि दमट हवा ही कारणे आहेतच. ती मी नाकारत नाही.

धुराचे शास्त्र आता नवे राहिलेले नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये, धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसविकारावर लेख लिहिला. त्यात जैवइंधनाचा धूर हे ठळक कारण म्हणून पुढे आले. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण या चर्चेत सगळीकडे शब्द येतो तो ‘स्वयंपाकाचे इंधन’. जनगणनेत विचारतात ते स्वयंपाकाचे इंधन. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने घरोघर जोडण्या दिल्या, त्याही स्वयंपाकासाठी. ती योजना नसती तर आज माझा वॉर्ड याहून भरलेला असता, यात शंका नाही. पण पहाटे दोन तास धूर घेणाऱ्या बाईच्या फुप्फुसाला तो धूर आमटीचा की आंघोळीचा, हे कळत नाही.

म्हणून पाणी तापवण्यातली काटकसर हा मला विजेच्या बिलापेक्षा आरोग्याचा विषय वाटतो. पाणी तापवायला कमी उष्णता लागली तरच ते काम चुलीवरून उठेल. नुसते ‘चूल सोडा’ म्हणणाऱ्या डॉक्टरला काकींनी विचारलेलाच प्रश्न ऐकावा लागेल.

उष्णता जाते कुठे, ते पाहू. उघड्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला मिळते. एका बादलीला पाऊण ते एक किलो लाकूड, पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी दीड टन. तो दीड टन कोणाच्या डोक्यावरून येतो ते सांगायला नको. मणक्याच्या आणि गुडघ्याच्या तक्रारी घेऊन येतात त्याही ह्याच बायका. त्या फाट्यांच्या ढिगात आणखी एक पाहुणा असतो. आम्ही विद्यार्थी असताना कोकणातल्या लाल विंचवाचा दंश म्हणजे काय, हे ज्यांच्या कामामुळे शिकलो, त्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे काम याच महाड-पोलादपूर परिसरात केले. प्राझोसिनच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू कसे टाळता येतात हे त्यांनी जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे आता विंचू चावलेला माणूस बहुधा चालत घरी जातो. पण विंचू चावतो तो अजूनही पहाटे अंधारात फाटी उचलणाऱ्या हाताला.

आपल्या जुन्या माणसांना ही उष्णतेची नासाडी कळत नव्हती असे मुळीच नाही. चुलीला जोडलेला वैल ही काय चीज होती? मुख्य चुलीवर भाकरी होत असताना वाया जाणाऱ्या ज्वाळेवर वैलावरच्या हंड्यातले पाणी आपोआप कोमट व्हायचे. गॅस आला, स्वयंपाकाची चूल गेली, तिच्याबरोबर वैलही गेला. आणि जे पाणी पूर्वी फुकट तापत होते त्याच्यासाठी वेगळी चूल पेटवावी लागली. कोणाच्याही लक्षात न येता झालेला हा तोटा आहे. तांब्याच्या बंबाचेही तसेच. मधल्या नळीत जाळ आणि चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे उघड्या हंड्यापेक्षा कितीतरी कमी लाकडात पाणी तापते. वर धुराड्याची तोटी असते, तिला दोन पत्र्याचे नळकांडे जोडून ते कौलाबाहेर काढले तर धूर नाकाऐवजी आकाशात जातो. पण कित्येक घरांत बंब भंगारात गेला. तांब्याला भाव आहे ना! जिथे आहे तिथे नळकांडे नाही. मी ज्या घरांत पाहिला त्यांतल्या एका घरी तर बंबाच्या धुराड्यावर पोरांचे मोजे वाळत घातले होते.

झाकणाचे सांगतो, कारण त्याचा हिशेब मलाही थक्क करून गेला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे उघड्या हंड्यातून उकळता उकळता लिटरभर पाणी वाफ होऊन गेले, तर त्या वाफेबरोबर दीड बादलीहून जास्त पाणी तापवण्याइतकी उष्णता उडून गेली. आणि उकळायचे कशासाठी? आंघोळीचे पाणी ४० अंशांना पुरते. ‘आधण आलं पाहिजे’ हा स्वयंपाकातला नियम आपण न्हाणीत नेला आहे. पिण्याचे पाणी जरूर उकळावे. आंघोळीचे उकळून मग त्यात दोन तांबे गार पाणी घालणे हा लाकडाचा, गॅसचा आणि विजेचा अपमान आहे.

आणखी एक गोष्ट आहे. तिला पैसा लागत नाही, पण घरातल्या पुरुषांचा होकार लागतो. आंघोळी एकापाठोपाठ एक झाल्या तर चूल चाळीस मिनिटांत विझते. एक पाचला उठतो, एक सातला, मोठा मुलगा नऊला, आणि प्रत्येकाला पाणी कडकडीत हवे. म्हणून ती चार तास फुंकत बसावी लागते. सुनेने सगळ्यांच्या आधी उठायचे आणि स्वतःच्या आंघोळीला कोमट उरलेले घ्यायचे. या विषयावर मी कोणत्याही घरात अजून जिंकलेलो नाही, माझे स्वतःचे घर धरून.

आता वीज. बादलीत सोडायचा रॉड हा उष्णतेच्या हिशेबात जवळजवळ आदर्श आहे. पाण्यातच असल्यामुळे त्याची उष्णता दुसरीकडे जाते कुठे! स्वस्तही आहे. आणि माझ्या अनुभवात न्हाणीघरातली सगळ्यांत धोकादायक वस्तूही तीच आहे. लोखंडी किंवा स्टीलची बादली, ओली फरशी, अर्थिंग नाही किंवा नावाला आहे, आणि पाणी तापले का ते पाहायला माणूस बोट बुडवतो. मुख्य फळीवर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर रॉड वापरू नका, असे मी स्पष्ट सांगतो. ब्रेकर असला तरी बादली प्लास्टिकची हवी, आणि बटन बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. नुसते बटन बंद करणे पुरत नाही. खेड्यातल्या वायरिंगमध्ये बटन कधी कधी भलत्याच तारेवर बसवलेले असते.

टाकीचा गीझर त्या मानाने सुरक्षित. त्यावरचे तारे मोजतात ते गीझर पाणी किती लवकर तापवतो याचे नसतात. तापलेले पाणी नुसते ठेवले तर चोवीस तासांत किती उष्णता गमावतो याचे असतात. म्हणून पाचाऐवजी दोन ताऱ्यांचा गीझर असला तरी तो वेळेवर चालू-बंद करणारे घर, पाच ताऱ्यांचा दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरापेक्षा कमी वीज जाळू शकते. पंधरा लिटरची टाकी आणि दोन किलोवॅटची कॉइल असेल तर २५ वरून ६० अंशांवर जायला अठरा-वीस मिनिटे लागतात, त्याहून जास्त वेळ बटन चालू ठेवण्याचे कारण नाही. पाच बादल्यांना दिवसाचे दोन युनिट, महिन्याचे साठ. ऐकायला थोडे वाटते. पण आपल्याकडे घरगुती विजेचा पहिला, स्वस्त टप्पा १०० युनिटांचा आहे. दिवे, पंखे, टीव्ही यांवर सत्तर-ऐंशी युनिटांत बसणारे घर गीझरमुळे पुढच्या महाग टप्प्यात जाते, आणि मग सासू म्हणते, “बघ, म्हटलं नव्हतं, चूलच बरी!” तिचे चुकत नाही. म्हणूनच पाणी ६० ऐवजी ५० अंशांवर ठेवणे, गीझर नळाच्या जवळ बसवणे, माणशी वीसऐवजी पंधरा लिटरांत भागवणे या बारीक गोष्टींना अर्थ आहे. गीझर परवडला तरच तो टिकतो.

५० अंशांचे कारण फक्त बिल नाही. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा पाच सेकंदांत खोलवर भाजते. ५० अंशांना त्यालाच काही मिनिटे लागतात. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. भाजलेल्या मुलांमध्ये फटाक्यांपेक्षा आंघोळीच्या पाण्याने भाजलेली मुले मी कितीतरी जास्त पाहिली आहेत. आई गार पाणी आणायला वळते, रांगते मूल घंगाळाला धरून उभे राहते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम अंगी बाणवला तर यातले अर्धे अपघात टळतील. दुसरे गिऱ्हाईक मधुमेहाचे. पायांची संवेदना गेलेली असते, पाय दुखतात म्हणून ते गरम पाण्याच्या टोपात सोडून बसतात, आणि फोड आल्यावर समजते की पाणी कडक होते. मधुमेह्यांनी पाण्याचा अंदाज पायाने कधीच घेऊ नये, कोपराने घ्यावा.

गॅस गीझरबद्दल मला वेगळे लिहावे लागेल. गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा आईची चूल सुटावी म्हणून हौसेने तो बसवून जातो. उष्णतेच्या हिशेबात यंत्र चांगले आहे. शेगडीवर पातेले ठेवण्यापेक्षा कमी गॅसमध्ये पाणी मिळते. पण ते बसवतात बंद न्हाणीघराच्या आत. दार लावलेले, खिडकीला थंडी येते म्हणून पुठ्ठा. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड तयार करू लागते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला दार तोडून बाहेर काढून आमच्याकडे आणले होते. घरच्यांना वाटले चक्कर आली, कोणी म्हणाले फिट. तो वाचला, कारण त्याच्या बहिणीला शाळेची घाई होती आणि ती दार वाजवत राहिली. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या भिंतीवर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्यायचा. यात तडजोड नाही. जो गवंडी किंवा फिटर ‘काही होत नाही’ म्हणतो, त्याला परत पाठवा.

तोच वायू बाळंतिणीच्या खोलीत कोळशाच्या शेगडीतून येतो. बाळंतिणीची आंघोळ, शेक आणि धुरी हा आपल्याकडे मोठा सोहळा. त्यासाठी हंडेच्या हंडे पाणी उकळते. अंग शेकल्याने त्या बाईला बरे वाटते, ते मी तोडत नाही. पण खिडकी-दार लावून निखारे आत ठेवू नका. आणि नवजात बाळाला पहिले चोवीस तास तरी आंघोळ घालू नका. त्याला आईच्या अंगाची ऊब हवी असते. नंतरही बाळाला लागते ते ३७-३८ अंशांचे पाणी. आमच्या आज्या बाळासाठी तपेले अंगणात उन्हात ठेवायच्या. ते पाणी धूर न करता, पैसा न घेता बरोबर त्या मापाचे तापायचे.

उन्हाकडे मी येणारच होतो. मार्चच्या शेवटी याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती, २०१७ साली. जिथे हवा इतकी तापते तिथे एप्रिल-मेमध्ये पाणी तापवायला लाकूड जाळणे मला खरोखर समजत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजवते आणि त्याच घरात सकाळी चूल पेटते! वर्षाची सरासरी धरली तर आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटांच्या आसपास ऊन पडते. त्यातले चाळीस टक्के जरी पकडले तरी दोन युनिट, म्हणजे आपल्या पाच बादल्या. सौर बंब तेच करतो. साधारण दोन चौरस मीटर काच आणि शंभर लिटरची कोंदण घातलेली टाकी. रात्रभर पाणी गरम राहते.

मात्र कोकणात सौर बंबाचे काय होते तेही लिहिले पाहिजे. जून ते सप्टेंबर तो जवळजवळ सुट्टीवर असतो. कौलारू उतरत्या छपरावर तो बसवणे कठीण. काचेच्या नळ्यांवर वानरे उड्या मारतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात पत्रे आणि कौले पाचोळ्यासारखी उडाली, तिथे बंबाची काय कथा. शिवाय खर्च एकदम करावा लागतो. एकेकाळी सौर बंबांना सरकारी अनुदान होते. आता सारा भर वीज तयार करणाऱ्या पॅनेलवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ज्याचे छप्पर तेवढे आहे त्याने जरूर घ्यावी आणि गीझर दुपारी चालवावा. पण पोलादपूरच्या वाडीवरच्या घराला तीन किलोवॅट कशाला हवेत? त्याला शंभर लिटर गरम पाणी हवे आहे.

पावसाळ्याला उत्तर एकच एक नाही, आणि जो आहे म्हणतो त्याने एक जुलै इथे काढावा. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले तेव्हा शहरात वीज नव्हती, सिलिंडर वाहून गेले होते, होते ते लाकूड भिजलेले. आम्ही डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत चिखलातून फिरत होतो आणि लोक औषधाच्या आधी मागत होते ते अंगावरचा गाळ धुवायला ऊन पाणी. भातलावणी करून दिवसभर पावसात भिजलेल्या माणसाचेही तेच. त्याला गार पाण्याने आंघोळ करा असे सांगणारा डॉक्टर मी होणार नाही. म्हणून माझे म्हणणे साधे आहे: आठ महिने ऊन, आणि पावसाळ्यापुरता नळकांडे बाहेर काढलेला बंब, त्याच्यासाठी मे महिन्यात भरून कोरड्या जागी ठेवलेली बेगमी. वीज भरवशाची असेल तिथे गीझर. हे सगळे शंभर टक्के स्वच्छ नाही. पण वर्षाच्या दीड टन लाकडाचे तीन-चारशे किलो झाले, आणि तेही बाईच्या नाकापासून दूर जळले, तर माझ्या दृष्टीने ते औषधाइतके आहे.

निसर्गाने या बाबतीत महाडवर खास मेहेरबानी केलेली आहे म्हणा. तालुक्यातच सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणच्या अंगाने जी उन्हाळ्यांची रांग जाते त्यातलेच हे. त्वचारोग बरे व्हावेत म्हणून लोक तिथे जातात. ते पाणी घरोघर आणता येत नाही, एवढीच त्याची अडचण.

सरकारला सांगायचे ते आमच्या घरापासून सांगतो. माझ्या पूर्वीच्या एका नेमणुकीच्या रुग्णालयात छपरावर सौर बंब होता. बसवला तेव्हा हार घालून फोटो काढला होता. दोन नळ्या फुटल्या, दुरुस्ती कोणाच्या खात्यातून याचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि मी बदलून गेलो तरी तो चालू होता. दरम्यान इमारतीच्या मागे तीन दगडांची चूल मांडून बाळंतिणींचे नातेवाईक पाणी तापवत. त्या धुराच्या वरच खिडकी होती, आणि खिडकीच्या आत नवजात बाळांचा कक्ष. ग्रामीण रुग्णालयात दिवसाला काही शे लिटर गरम पाणी लागते. आपल्या दमट, उबदार हवेत उष्णता पंप एक युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता पाण्यात सोडतो. नवे सौर बंब आणि पंप बसवताना पाच वर्षांच्या दुरुस्तीचा करार आणि एक जबाबदार माणूस कागदावर नेमला, तर पुष्कळ होईल. आणि आशाताईंच्या घरभेटीच्या वहीत एक रकाना वाढवावा: आंघोळीचे पाणी कशावर तापते? मोजले जात नाही त्याला निधी मिळत नाही, हे मी नोकरीत शिकलो आहे.

माझ्या केसपेपरवर आता दोन ओळी असतात. काकींच्या मुलाने गेल्या दिवाळीत न्हाणीच्या छपरावर काळी टाकी चढवली, पत्र्याच्या दुकानातून बंबाला नळकांडे करून आणले, आणि हंड्याला झाकण आले. या पावसाळ्यात त्या पंपाचे औषध न्यायला दोनदा आल्या, दाखल व्हावे लागले नाही. पंप नीट ओढतात का ते मी पाहिले. जाताना म्हणाल्या, दुपारच्या उन्हाचे पाणी संध्याकाळी आंघोळीला बरे पडते, पण सासऱ्यांना सकाळीच हवे असते आणि तेही कडकडीत. त्यांचे वय ब्याऐंशी, त्यांना सांगायचे कोणी? मी म्हणालो, पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन या, बीपी तपासायचे निमित्त करून.